शास्त्रीय कारणे द्या (२ गुण)

"शास्त्रीय कारणे द्या : निष्क्रिय वायू रासायनिक अभिक्रियेत भाग घेत नाहीत."

हा प्रश्न सोडवल्याशिवाय आपल्यापैकी कुणीही इंजिनिअरिंगला पोचलेलं नाही. बोर्ड कुठलंही असो, माध्यम कुठलंही असो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मी 'नोबल गॅस' म्हणते. माझी रूममेट मराठी माध्यमाची, ती 'राजवायू' म्हणते. पण उत्तर दोघींचं एकच : त्यांचं अष्टक पूर्ण असतं, म्हणून ते स्थिर असतात, म्हणून ते अभिक्रिया करत नाहीत. दोन गुण खिशात, पुढचा प्रश्न घ्या!

मित्रमैत्रिणींनो, या उत्तरात एक गोची आहे. त्यात 'का?' हा शब्द घालून बघा. आठ इलेक्ट्रॉन झाले की अणू स्थिर होतो, पण का? आठच का? सात का नाही, दहा का नाही? आरगॉनच्या बाहेरच्या, म्हणजे तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात हे आपणच पाठ केलंय (२n² आठवतंय ना?). आरगॉनकडे तिथे फक्त ८ आहेत. मग ते कवच 'पूर्ण भरलेलं' कसं? आणि सगळ्यात मोठी शंका म्हणजे, झेनॉनचंही अष्टक पूर्ण आहे, तरी झेनॉनची संयुगं बाटलीत भरून विकत मिळतात!

म्हणजे आपण लिहितो ते खरं तर कारण नाहीच. ते फक्त वर्णन आहे. "तो हुशार का? तर त्याला मार्क चांगले पडतात म्हणून" अशातला प्रकार. खरं कारण ऊर्जेच्या जमाखर्चात आहे, आणि तो जमाखर्च मांडायला फर्स्ट इयरची केमिस्ट्री पुरते. तो न मांडता पाठांतरावर विसंबल्यामुळे रसायनशास्त्राची बरीच वर्षं वाया गेली, तीही गोष्ट पुढे येईलच.

शंभर वर्षं न दिसलेला वायू

आधी थोडा इतिहास. हवेत ०.९३ टक्के आरगॉन असतो. आपली होस्टेलची खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच धरली, तर तिच्यात ३६ घनमीटर हवा आणि त्यात सुमारे ३३५ लिटर आरगॉन! ज्या कार्बन डायऑक्साइडबद्दल आपण एवढं बोलतो, त्याच्या वीसपटीहून जास्त. तरीही १८९४ पर्यंत हा वायू कुणाच्या लक्षात आला नाही, कारण तो कशाशीच काही करत नव्हता. केमिस्ट लोक पदार्थ ओळखत ते त्याच्या वागण्यावरून. जो काही वागतच नाही, त्याला ओळखणार कसा?

एकाच्या हाताला मात्र तो लागला होता. १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेत ऑक्सिजन मिसळून विजेच्या ठिणग्या पाडल्या आणि सगळा नायट्रोजन संपवत आणला. शेवटी एक छोटासा बुडबुडा उरला, मूळ हवेच्या १/१२० भागाहून जास्त नाही असा. कॅव्हेंडिश यांनी तो प्रामाणिकपणे नोंदवला. पुढची १०० वर्षं त्या बुडबुड्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

मग लॉर्ड रॅले आले. हवेतून मिळवलेला नायट्रोजन लिटरमागे १.२५७ ग्रॅम भरत होता आणि अमोनियासारख्या रसायनांपासून बनवलेला १.२५१ ग्रॅम. फरक जेमतेम अर्धा टक्का. आपण प्रॅक्टिकलला असा फरक आला की 'एक्सपेरिमेंटल एरर' लिहून जर्नल सबमिट करतो. रॅले यांनी तसं केलं नाही. त्यांनी आणि विल्यम रॅम्झी यांनी मिळून १८९४ मध्ये त्या अर्ध्या टक्क्यातून नवीन मूलद्रव्य बाहेर काढलं. नाव ठेवलं आरगॉन, म्हणजे ग्रीक भाषेत 'आळशी'. १८९८ मध्ये रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेतून क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन शोधले. १९०४ साली रॅम्झी यांना रसायनशास्त्राचं आणि रॅले यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

या मंडळींचा आपल्याकडचा संबंधही सांगण्यासारखा आहे. जमशेटजी टाटांच्या नियोजित संशोधन संस्थेसाठी जागा सुचवायला हेच रॅम्झी भारतात आले होते. त्यांनी बंगलोर सुचवलं आणि तिथल्या 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स'चे पहिले संचालक झाले ट्रॅव्हर्स! एम.टेक.साठी गेट देऊन तिथे जायची स्वप्नं बघणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पाया निऑनवाल्यांनी घातलाय.

कोकणातल्या मुलांना आणखी एक गोष्ट माहीत असेल. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आहेत आणि हेलियमचा शोध नॉर्मन लॉकियर यांनी तिथे लावला असं अभिमानाने सांगितलं जातं. तारखा जुळवून पाहिल्या तर थोडी गल्लत दिसते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्ये होते आणि ग्रहण नसताना, ऑक्टोबरमध्ये, त्यांनी सूर्याच्या कडेच्या प्रकाशात ती अनोळखी पिवळी रेघ पाहिली. लॉकियर विजयदुर्गला खरोखरच आले, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोपर्यंत रॅम्झी यांनी १८९५ मध्येच पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम मिळवला होता. असो. किल्ल्याचं महत्त्व यामुळे काही कमी होत नाही.

जमाखर्चाची वही

आता मूळ प्रश्न. कुठलाही अणू दुसऱ्याशी बंध का करतो? तर त्यात ऊर्जा सुटते म्हणून. बंध होण्याआधी काही खर्च करावा लागतो, बंध झाल्यावर काही परत मिळतं. परतावा खर्चापेक्षा जास्त असेल तर संयुग टिकतं. नसेल तर नाही.

अणूच्या पातळीवर हिशोब करायला सोयीचं चलन म्हणजे इलेक्ट्रॉन व्होल्ट. अंदाज यावा म्हणून सांगते : खोलीच्या तापमानाला अणूंच्या नेहमीच्या धावपळीत जेमतेम ०.०२५ इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढी ऊर्जा खेळत असते. एक चांगला मजबूत बंध, उदाहरणार्थ हायड्रोजनच्या रेणूतला, ४.५ चा असतो.

आपल्या मेसमधलं मीठ घेऊ. सोडियमचा एक इलेक्ट्रॉन काढायला ५.१ खर्च. तो क्लोरिनला दिला की ३.६ परत मिळतात. अजून १.५ ची खोट आहे. पण आता एक धन आणि एक ऋण आयन तयार झाला, ते एकमेकांना ओढून स्फटिकात बसतात आणि त्यातून प्रत्येक जोडीमागे सुमारे ८ मिळतात. निव्वळ नफा साडेसहाच्या आसपास. म्हणून मीठ टिकतं.

आता सोडियमच्या जागी आरगॉन बसवा. आरगॉनचा इलेक्ट्रॉन काढायचा खर्च १५.८. क्लोरिनकडून परत ३.६. खोट १२.२. स्फटिकातून तेच ८ मिळाले असं उदार मनाने धरलं, तरी ४ पेक्षा जास्त तोटा. हा व्यवहार होणार नाही. यात अष्टकाचं नावही घ्यावं लागलं नाही.

मग उलटं करू. आरगॉनने इलेक्ट्रॉन द्यायच्या ऐवजी घ्यावा. क्लोरिनला आलेला पाहुणा त्याच्या अर्धवट भरलेल्या कक्षेत, केंद्रकाच्या चांगल्या पकडीत बसतो. आरगॉनकडे आलेल्या पाहुण्याला मात्र तिथे जागा नाही, त्याला चौथ्या कवचात बाहेर उभं राहावं लागतं. तिथून बघितलं तर आतल्या १८ प्रोटॉनना १८ इलेक्ट्रॉननी झाकून टाकलंय. ओढणारं कुणी उरलंच नाही. पाहुणा थांबत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे वाटून घेणं, कोव्हॅलंट बाँड. दोन हायड्रोजन अणू जवळ आले की त्यांच्या ऑर्बिटल्सपासून दोन नवीन ऑर्बिटल्स होतात. एक बाँडिंग, खालच्या ऊर्जेचं, आणि एक अँटिबाँडिंग, वरच्या ऊर्जेचं. दोन्ही इलेक्ट्रॉन खाली बसतात आणि फायदा होतो. दोन हेलियम अणूंकडे मिळून चार इलेक्ट्रॉन. दोन खाली बसले, उरलेल्या दोघांना वर जावं लागलं. वरच्यांनी केलेलं नुकसान खालच्यांच्या फायद्यापेक्षा थोडं जास्तच असतं. म्हणून बंध होत नाही. मग एक जोडी फोडून एक इलेक्ट्रॉन पुढच्या कवचात पाठवला तर? आरगॉनला त्याचा खर्च ११.५, निऑनला १६.६, हेलियमला १९.८. एका बंधातून चार-पाच मिळणार असतील तर एवढं भांडवल कोण घालणार?

देणं, घेणं, वाटणं, तिन्ही मार्ग तोट्याचे. 'निष्क्रिय' या शब्दाचा सगळा अर्थ एवढाच.

मग आठच का?

आता तो आठचा आकडा कुठून आला ते बघू. सोडियमपासून आरगॉनपर्यंत जाताना केंद्रकात प्रोटॉन एकेकाने वाढत ११ चे १८ होतात. सोबत येणारे इलेक्ट्रॉन सगळे त्याच तिसऱ्या कवचात बसतात, आणि एकाच कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांना नीट झाकू शकत नाहीत. त्यामुळे प्रत्येकाला जाणवणारी केंद्रकाची ओढ वाढत जाते. स्लेटरच्या नियमांनी हिशोब केला तर सोडियमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला २.२ इतका भार जाणवतो आणि आरगॉनच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला ६.७५. म्हणून आरगॉनची पकड एवढी घट्ट.

प्रत्येक कवचात s ची एक खोली आणि p च्या तीन, प्रत्येकीत दोघांची सोय, म्हणजे आठ जण. (पहिल्या कवचात p नाहीच, म्हणून हेलियमचं दोनावर भागतं.) त्याच कवचातल्या d च्या खोल्या असतात, पण त्या बऱ्याच वर. होस्टेलच्या भाषेत सांगायचं तर खालचे मजले फुल्ल, पुढची रिकामी खोली थेट पाचव्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. पोटॅशियमचा १९ वा इलेक्ट्रॉन असाच वर जातो, आणि त्याला काढायला फक्त ४.३ पुरतात. आरगॉनला १५.८ आणि त्याच्या पुढच्याच घरात ४.३! आठ या आकड्यात जादू नाही. आठ झाल्यावर पुढची पायरी फार उंच आहे, एवढंच.

आणि ही पायरी सगळ्यांची सारखी नाही. इलेक्ट्रॉन काढायचा खर्च बघा : हेलियम २४.६ (सर्व मूलद्रव्यांत जास्त), निऑन २१.६, आरगॉन १५.८, क्रिप्टॉन १४.०, झेनॉन १२.१, रेडॉन १०.७. अणू मोठा होत जातो तसे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातात आणि पकड सैल होते. आता यात हायड्रोजन १३.६ आणि क्लोरिन १३.० हे दोन आकडे ठेवा. झेनॉनचा इलेक्ट्रॉन काढणं हायड्रोजनपेक्षाही स्वस्त आहे! हे आकडे छापलेलं कोष्टक कितीतरी वर्षं सगळ्या पुस्तकांत होतं. ते सगळे बघत होते आणि सगळे 'अष्टक पूर्ण' लिहीत होते.

शुक्रवारची संध्याकाळ

प्रयत्न अगदी झालेच नाहीत असं नाही. १८९५ मध्येच रॅम्झी यांनी आरगॉनचा नमुना पॅरिसला हेन्री म्वासाँ यांच्याकडे पाठवला. फ्लोरिन पहिल्यांदा वेगळा करणारे हे गृहस्थ. त्यांनी फ्लोरिन आणि आरगॉन एकत्र करून पाहिले, काही झालं नाही. १९१६ मध्ये लुईस आणि कोसेल यांनी अष्टकाची कल्पना मांडली आणि ती एवढी उपयोगी ठरली की तिचा कायदा झाला. आवर्तसारणीत या वायूंना 'शून्य गण' म्हणू लागले, म्हणजे संयुजाच शून्य.

१९३३ मध्ये लायनस पॉलिंग यांनी झेनॉन आणि फ्लोरिनचं संयुग शक्य आहे असं लिहिलं. कॅल्टेकमध्ये योस्ट आणि के यांनी झेनॉन आणि फ्लोरिनच्या मिश्रणातून वीज सोडून पाहिली. संयुग मिळालं नाही. त्यानंतर जवळजवळ ३० वर्षं हा विषय थंड.

१९६२. कॅनडामध्ये व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नील बार्टलेट नावाचे २९ वर्षांचे शिक्षक प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड या लालभडक वाफेच्या पदार्थावर काम करत होते. हा पदार्थ इलेक्ट्रॉनचा इतका भुकेला की त्याने चक्क ऑक्सिजनच्या रेणूचा इलेक्ट्रॉन काढून घेतला होता. ऑक्सिजनचा, जो एरवी सगळ्यांचे इलेक्ट्रॉन काढतो! पुढे लेक्चरची तयारी करताना बार्टलेट यांची नजर आयनीभवन ऊर्जेच्या त्याच नेहमीच्या आलेखावर पडली. ऑक्सिजनचा रेणू १२.०७, झेनॉन १२.१३. दोघांत कणभर फरक. मग ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन निघतो तर झेनॉनचा का नाही निघणार?

२३ मार्च १९६२, शुक्रवारची संध्याकाळ. काचेच्या उपकरणात एका बाजूला ती लाल वाफ, दुसऱ्या बाजूला रंगहीन झेनॉन, मध्ये काचेचं सील. बार्टलेट यांनी सील फोडलं आणि क्षणात पिवळसर नारिंगी घनपदार्थ भिंतीवर जमला. भट्टी नाही, दाब नाही, खोलीचं तापमान. ते सांगायला धावत कॉरिडॉरमध्ये आले तर सगळे जेवायला गेलेले! (मेसची वेळ जगात सगळीकडे सारखीच.) तो पदार्थ नेमका काय होता हे नंतर वाटलं होतं त्यापेक्षा गुंतागुंतीचं निघालं, पण झेनॉनने अभिक्रिया केली होती यात शंका उरली नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत आरगॉन (!) नॅशनल लॅबोरेटरीत नव्हे, तर जवळजवळ तशाच नावाच्या आर्गोन नॅशनल लॅबोरेटरीत, निकेलच्या भांड्यात झेनॉन आणि फ्लोरिन ४०० अंश सेल्सियसला तासभर तापवले आणि झेनॉन टेट्राफ्लोराइडचे रंगहीन स्फटिक मिळाले. पुढे तर कळलं की कोरड्या काचेच्या भांड्यात झेनॉन आणि फ्लोरिन भरून नुसतं उन्हात ठेवलं तरी झेनॉन डायफ्लोराइड तयार होतो. म्हणजे जे संयुग अशक्य म्हणून शिकवलं जात होतं, त्याला लागत होतं फक्त ऊन.

इथेही वही उघडून बघा. फ्लोरिनचा रेणू फोडायला १.६ खर्च. झेनॉन-फ्लोरिन बंध प्रत्येकी १.४ चे, दोन बंधांचे २.८. नफा १.२ च्या जवळपास. फ्लोरिनच का? त्याचा स्वतःचा बंध कमजोर आणि दुसऱ्याला धरण्याची ताकद मोठी. क्लोरिनचा रेणू फोडायलाच २.५ लागतात आणि झेनॉनशी त्याचा बंध आणखी कमजोर, म्हणून तिथे तोटा. आणि यासाठी झेनॉनला आपली जोडी फोडून इलेक्ट्रॉन वरच्या कवचात पाठवावा लागत नाही. तीन अणू एका रेषेत येतात आणि चार इलेक्ट्रॉन तिघांत मिळून वाटले जातात. त्यातला बराचसा वाटा फ्लोरिन ओढून घेतात आणि झेनॉनवर थोडा धनभार येतो. सैल पकडीच्या झेनॉनला हे परवडतं. क्रिप्टॉनला जेमतेम परवडतं, त्याचा फ्लोराइड १९६३ मध्ये मिळाला पण तो फार नाजूक. आरगॉनच्या बाबतीत २००० साली हेलसिंकीच्या शास्त्रज्ञांनी हायड्रोजन, आरगॉन आणि फ्लोरिन यांचा एक रेणू बनवला, तो उणे अडीचशे अंशांच्या आसपासच टिकतो.

आपल्या ब्रँचचा काय संबंध?

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, झेनॉन डायफ्लोराइड तुमच्याच कामाचा आहे. मेम्स उपकरणं बनवताना सिलिकॉन खरवडून काढायला त्याची वाफ वापरतात. सिलिकॉनला फ्लोरिन मिळतो, झेनॉन मोकळा होऊन निघून जातो.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. आरगॉनला ११.५ देऊन त्याचा एक इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात पाठवला तर उरलेला खर्च किती? १५.८ वजा ११.५, म्हणजे ४.३ च्या आसपास. हा तर पोटॅशियमचा आकडा! म्हणजे उत्तेजित आरगॉन हा थोडा वेळ पोटॅशियमसारखा वागतो आणि फ्लोरिनशी लगेच जोडला जातो. ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर टाकली की तो पुन्हा मूळचा आरगॉन होतो आणि रेणू तुटतो. लेसरसाठी याहून चांगलं काय, खालची पातळी कायम रिकामी! हाच एक्सायमर लेसर. आरगॉन फ्लोराइडचा १९३ नॅनोमीटरचा आणि क्रिप्टॉन फ्लोराइडचा २४८ नॅनोमीटरचा. आपल्या मोबाइल आणि कॉम्प्युटरमधल्या चिप्सवरची नक्षी छापायला हे लेसर वापरले जातात. 'आळशी' वायू असा कामाला लागला.

मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनवाल्यांना आरगॉन वेल्डिंग माहीतच आहे. तिथे एक व्हायवाचा प्रश्न हमखास येतो : नायट्रोजनही निष्क्रियच, आणि स्वस्त, मग तो का नाही? कारण दोघांच्या गप्प बसण्याची कारणं वेगळी. नायट्रोजनचा अणू मुळीच गरीब नाही. त्याने स्वतःच्याच भावाशी ९.८ चा तिहेरी बंध केलाय म्हणून तो शांत दिसतो. वेल्डिंगच्या तापमानाला तो बंध तुटू लागतो आणि टायटॅनियमसारख्या धातूबरोबर नायट्राइड होऊन जोड ठिसूळ होतो. आरगॉनमध्ये तोडायला बंधच नाही.

आणि आता वर्कशॉपमधल्या सगळ्यांसाठी, शिक्षक आणि मदतनीस काकांसकट, एक गोष्ट गंभीरपणे. 'निष्क्रिय' म्हणजे 'निर्धोक' नव्हे. आरगॉन हवेच्या १.३८ पट जड आहे. गळती झाली तर तो खड्ड्यात, टाकीत, तळघरात साठतो आणि तिथली हवा बाहेर ढकलतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपला जीव गुदमरतो तो कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे, ऑक्सिजन कमी झाल्याचं शरीराला कळत नाही. त्यामुळे आरगॉन भरलेल्या जागेत माणसाला काही त्रास जाणवायच्या आतच, काही श्वासांत, तो बेशुद्ध होऊन पडतो. त्याला काढायला धावत आत उतरलेला दुसराही पडतो. म्हणून बंदिस्त जागेत आरगॉन वापरला असेल तर आधी हवा खेळती करा, ऑक्सिजन मीटरने तपासा, मगच आत जा. आत कुणी पडलेला दिसला तर तसंच उतरू नका, श्वसनाचं उपकरण असलेल्या माणसांना बोलवा. सिलिंडरवर लिहिलेला 'इनर्ट' हा शब्द धातूसाठी आहे, आपल्या फुप्फुसांसाठी नाही.

शेवटची दोन घरं

मग हेलियम आणि निऑन? हेलियम मिळून बनलेला एक आयन, हेलियम हायड्राइड, १९२५ पासून प्रयोगशाळेत माहीत आहे आणि २०१९ मध्ये तो अवकाशातल्या एका तेजोमेघात सापडला. २०१७ मध्ये सोडियम आणि हेलियमचं एक घन संयुगही मिळालं, पण त्यासाठी दहा लाख वातावरणांहून जास्त दाब लागला. निऑनचं मात्र टिकाऊ, उदासीन असं एकही संयुग आजवर बनलेलं नाही.

तेव्हा दोन गुणांचं माझं उत्तर असं : या वायूंना इलेक्ट्रॉन द्यायला, घ्यायला किंवा वाटून घ्यायला जो खर्च येतो, तो बहुतेक वेळा बंधातून भरून निघत नाही, जिथे निघतो तिथे ते अभिक्रिया करतात. परीक्षेत खुशाल 'अष्टक पूर्ण' लिहा, गुण तेवढेच मिळतील. पण पेपर देऊन बाहेर आल्यावर ते कोष्टक एकदा स्वतः उघडून बघा. बार्टलेट यांनी पाहिलेले आकडे सगळ्यांसमोर होते, आणि निऑनचं घर अजून रिकामं आहे. फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय सुचत नसेल तर केमिकलवाल्यांनी विचार करायला हरकत नाही!